बंद कालव्यावरचे चतुर: बडोद्याच्या एका आईला उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वाघोडिया रोडच्या पलीकडे तुमच्या सोसायटीमागून एक जुना मातीचा कालवा जातो. त्यात वरून पाणी सोडणं केव्हाच बंद झालंय, पण पावसाचं आणि शेतांतून झिरपणारं पाणी डबक्याडबक्यांनी साचून असतं. चौथीतले चिरंजीव रोज तिथे चतुर बघायला धावतात. त्यांना नावं हवीत, तुम्हाला फोटो नीट येत नाहीत, आणि सोसायटीतले काका म्हणतात, ‘डास होतात, केनाल भरून टाका.’ सोबत तीन फोटो आहेत. तिसऱ्यातला पांढुरका, ‘भुतासारखा’ चतुर कोण, हा प्रश्न खास मुलाचा. त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण तिन्हींत तोच फोटो भारी आहे.

चतुरांच्या आधी मगरीचं बोलू. दुसऱ्या गावच्या माणसाला हे वाचून हसू येईल, पण बडोदेकराला येणार नाही. विश्वामित्री नदीतल्या मगरी शहराच्या पोटात राहतात आणि पावसाळ्यात ओढे-नाले धरून कुठेही पोचतात. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या लोकांच्या अंगणात आल्या होत्या. तुमच्या कालव्यात मगर असेलच असं नाही, पण नाही असं धरून चालायचं नाही. म्हणून नियम एकच: पाण्यात पाय घालायचा नाही, आणि जिथे गवतामुळे पाण्याची कड दिसत नाही तिथे कडेला बसायचं नाही. गरनाळ्याचा (कालव्यावरच्या छोट्या पुलाचा) कठडा, उंच बांध, काठापासून पाच-सहा पावलं मागे, एवढ्यावरून सगळं दिसतं. मुलाला एकट्याला पाठवू नका. मी स्वतः एकदा टाचणीचा, म्हणजे चतुराच्या बारीक अंगाच्या भावंडाचा, फोटो काढायला खाली उतरलो आणि गाळात कमरेपर्यंत गेलो. मगर नव्हती, नुसता गाळच होता, तरी बाहेर यायला पाऊण तास लागला. चप्पल अजून तिथेच आहे.

आता कालव्याचं. ‘एवढ्या घाण जागी काय मिळणार’ असं तुम्ही लिहिलंय. उलट आहे. नर्मदेचा मुख्य कालवा आपल्या शहराजवळूनच जातो, गुजरातेत त्याची लांबी ४५८ किलोमीटर आहे, आणि चतुर बघायला तो जवळजवळ निकामी. सिमेंटचं अस्तर, जोराचा प्रवाह, काठाला गवताची काडी नाही. चतुराची अळी महिनोन्महिने पाण्याखाली राहते, तिला लपायला गाळ हवा आणि धरायला देठ हवेत. बाहेर पडायच्या दिवशी पाण्यावर येणारी एखादी काडी तर हवीच. शिवाय त्या सिमेंटच्या उतारावर माणसाचा पाय घसरला की पकडायला काही नसतं, तेव्हा तिकडे मुलाला नेऊच नका. तुमच्या बंद कालव्यात मात्र सगळा पसारा जमलाय: पाणकणीस, बेशरम, तळाशी हायड्रिला ही पाणवनस्पती, बांधावर गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. उन्हाळ्यात डबकी आटतात, म्हणून मोठे मासे टिकत नाहीत, आणि अळ्यांचे मोठे वैरी मासेच. पाटबंधाऱ्यांच्या दृष्टीनं मेलेला कालवा चतुरांच्या दृष्टीनं भरभराटीला आलेला असतो. डभोईजवळचा वढवाणाही गायकवाडी राज्यानं १९१०मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव. २०२१मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. थंडीत तिथे हंस-बदकं बघायला गाड्या लागतात. त्या गर्दीत माना सगळ्या वर. पायाशी पाणकणसावर काय बसलंय ते फार थोडे बघतात.

चतुर आणि टाचणी यांतला फरक मुलाला एका मिनिटात शिकवता येतो. बसल्यावर पंख विमानासारखे आडवे पसरलेले आणि डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असले की चतुर. पंख पाठीवर मिटलेले, अंग काडीसारखं बारीक आणि डोळे डंबेलच्या दोन टोकांसारखे लांब असले की टाचणी. याला अपवाद दोन. लेस्टिड कुळातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, आणि गोम्फिड कुळातल्या चतुरांचे डोळे भिडत नाहीत. अपवाद लक्षात ठेवायची घाई नाही, ते भेटतील तेव्हा आपोआप गोंधळ होईल.

फोटो का बिघडतात ते तुमच्या दुसऱ्या फोटोवरूनच कळतंय. तुम्ही पाठलाग करताय. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं, कालव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहायचो. दमलो की एका पुलावर बसायचो, आणि वहीतल्या चांगल्या नोंदी सगळ्या त्या पुलावरच्या. चालताना जवळपास काही नाही. यामागे कारण आहे. पाण्याकाठी बसलेला नर बहुधा आपली जागा राखत असतो. तुम्ही जवळ गेलात की तो उडतो, चार हात फिरतो आणि परत त्याच काडीच्या त्याच टोकावर येतो. तो उडाला की तुम्ही हलू नका. मगरीचा नियम सांभाळून काडीपासून दोन-अडीच हातांवर खाली बसा, फोन आधीच काडीवर रोखून ठेवा आणि तुमची सावली काडीवर पडू देऊ नका. शंभरातल्या सत्तर वेळा तो परत येतो, हा माझा अनुभव. येत नाही तेव्हा बहुतेक दुसऱ्या नरानं त्याला हाकलून जागा घेतलेली असते, आणि तेही बघण्यासारखंच असतं.

म्हणून सांगतो, सगळा कालवा बघू नका. गरनाळ्यापासून दोनशे पावलांचा एक तुकडा ठरवा आणि आठवड्यातून एकदा, साधारण त्याच वेळी, तेवढाच बघा. या दिवसांत सकाळी साडेआठ ते अकरा ही वेळ उत्तम. ऊन चढल्याशिवाय यांची यंत्रं तापत नाहीत. भाद्रवाच्या तडक्यात, म्हणजे भाद्रपदातल्या कडक उन्हात, दुपारी गेलात तर आणखी एक गंमत दिसेल: काही चतुर शेपूट सरळ सूर्याकडे उभारून, जणू शीर्षासन करून बसतात. अंगावर कमीत कमी ऊन पडावं म्हणून ही युक्ती.

पहिला फोटो, लालभडक. हा बहुधा क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, पण ‘बहुधा’ मुद्दाम लिहितोय. आपल्याकडे लाल चतुर एकच नाही. याचं तोंड, डोळे, अंग सगळं रक्तासारखं लाल असतं आणि शेपटीच्या पाठीवरून एक बारीक काळी रेघ जाते. दुसरा ट्रायथेमिस ऑरोरा. त्याचा लाल गुलाबी-जांभळ्याकडे झुकतो आणि पंखांच्या शिरासुद्धा लाल असतात. तुमच्या फोटोत शिरा दिसत नाहीत, म्हणून अडकलोय. पुढच्या वेळी दोन फोटो काढा, एक वरून आणि एक अगदी बाजूनं. छातीवरचे पट्टे बाजूनंच दिसतात आणि निम्मी ओळख तिथेच असते.

या लाल चतुराच्या बाबतीत माझी फजिती ऐका. एका पावसाळ्यात मी वहीत ‘लाल’ आणि ‘पिवळा’ अशा दोन जाती लिहीत होतो, रोजचे आकडे टाकत होतो. सप्टेंबरअखेर पिवळे घटत गेले आणि लाल वाढत गेले, तेव्हा मी मोठ्या विद्वत्तेनं लिहिलं की लाल जात पिवळ्या जातीला हुसकावते आहे. पुढे एका सकाळी एक चतुर सापडला, अर्धा पिवळा, अर्धा लालसर. मग उजेड पडला. कोवळे नरही मादीसारखे पिवळे असतात, पिकत जातील तसे लाल होतात. हुसकावणं वगैरे काही नव्हतं, मुलं मोठी होत होती, एवढंच. वहीची ती पानं मी फाडलेली नाहीत.

दुसरा फोटो ऑर्थेट्रम सबिना. हिरवट-पिवळ्या अंगावर काळे पट्टे, शेपूट मुळाशी फुगीर आणि मग एकदम बारीक. नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे निदान त्या बाबतीत डोकं खाजवावं लागत नाही. तुम्ही लिहिलंय की तो ‘गवताचं पातं खात होता’. फोटो मोठा करून बघा, ते पातं नाही, टाचणी आहे. हा प्राणी दुसऱ्या चतुरांनाही सोडत नाही. एकूणच या सगळ्यांची शिकार विलक्षण नेमकी असते. प्रयोगशाळेतल्या प्रयोगांत शंभरातले नव्वदहून अधिक हल्ले यशस्वी झालेत. वाघ-चित्त्यांनाही हे जमत नाही. चारही पंख स्वतंत्र हलतात, आणि डोळ्यांत हजारो बारीक भिंगं. माशी आत्ता कुठे आहे तिकडे तो जात नाही. पुढच्या क्षणी ती जिथे असेल तिथे जाऊन थांबतो.

त्या दोनशे पावलांत कुठे काय शोधायचं ते सांगतो. गरनाळ्याची जुनी भिंत नीट न्याहाळा. तिथे दगडाच्याच रंगाचा ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा चिकटलेला असतो. तो हलेपर्यंत दिसत नाही, आणि हलून परत बसला की आत्ता दिसलेला पुन्हा दिसेनासा होतो. पायवाटेवर, मातीवरच बसणारा छोटा डिप्लाकोड्स ट्रिव्हिआलिस. त्याचे नर वयानुसार हिरवट-पिवळ्याचे निळसर होतात, अंगावर राखेसारखी भुकटी चढते. पाण्यावर ओणवलेल्या सुक्या फांदीच्या अगदी टोकावर काळा-पिवळा दांडगा पहिलवान दिसला, आणि शेपटीच्या टोकाकडे दोन बाजूंना पानासारखे पंखे असले, तर तो इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स. मघाशी म्हटलेला न भिडणाऱ्या डोळ्यांचा चतुर हाच. टाचण्यांसाठी मात्र नजर खाली आणा, पाण्यालगतच्या गवतात. तिथे हळदीसारख्या पिवळ्या शेपटीची सेरियाग्रियॉन असते, आणि काळ्या-हिरव्या अंगाची, शेपटीच्या टोकाला निळा दिवा लावलेली इश्नूरा सेनेगालेन्सिस. त्याहून बारीक अ‍ॅग्रिओक्नेमिस पिग्मिया जेमतेम दोन सेंटिमीटरची. ती मुलालाच सापडेल, आपले डोळे आता तेवढे राहिलेले नाहीत.

माद्या दिसत नाहीत अशी तक्रार पुढे तुम्ही करालच. पाण्यावर नरांचा पहारा असतो. माद्या अंडी घालण्यापुरत्या येतात, एरवी पन्नास-शंभर पावलं मागे, गांडो बावळाच्या झुडपांत नाहीतर शेताच्या कडेला असतात. त्या दुनियेत डोकावायचं असेल तर पाण्याकडे पाठ करा.

आता तुमच्या मनात खरा प्रश्न आहे तो पाण्याचा. नारिंगी पंखांचा, नारिंगी-लाल अंगाचा ठेंगणा चतुर तिथे ढिगानं आहे का बघा. ब्रॅकीथेमिस कंटॅमिनाटा. घाण, साचलेलं पाणी याला चालतं, किंबहुना मानवतं. नाल्याकाठी बाकी कुणी नसलं तरी हा असतो. म्हणून हा दिसला यात वाईट काही नाही, पण हाच एकटा शेकड्यानं दिसला आणि टाचण्यांचा पत्ताच नाही, तर कुठून तरी गटाराचं पाणी कालव्यात येतंय, असं समजा. सोसायटीला तक्रार करायची असेल तर ती याची करा. तुमच्या यादीत निदान चार प्रकारच्या टाचण्या आहेत असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. म्हणजे परिस्थिती अजून हाताबाहेर गेलेली नाही.

डासांचं काकांना खरं ते सांगा, वाढवून सांगू नका. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात आणि मोठे चतुर डास खातात, हे खरं. पण ‘चतुर आहेत म्हणजे डास नाहीत’ हे खोटं. डेंगूचा एडिस डास कालव्यात वाढत नाही. तो वाढतो कूलरच्या तळात, गच्चीवरच्या उघड्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत, आणि तिथे चतुर मदतीला येणार नाहीत. कालवा भरला तर एडिस आहे तसा राहील. वर पावसाचं पाणी जायला वाट नाही म्हणून तळमजल्यात शिरेल ते वेगळंच. काकांना एका रविवारी कूलर उपसायला लावा.

दोऱ्याबद्दल. मुलगा शेपटीला दोरा बांधून उडवतो म्हणून तुम्ही त्याला रागावलात. आमच्या लहानपणी दांडिया बाजारात आम्हीही हेच केलं, त्यामुळे मला उपदेशाचा अधिकार नाही. एवढं सांगा की ती शेपूट नव्हेच, ते पोट आहे. त्याचं काळीज तिथे लांबट पसरलेलं आहे आणि श्वासाची भोकंही त्याच्या कडेनं आहेत. गाठ मारली की काय होतं ते त्याचं तोच समजेल. पकडायचा हव्यास असेल तर जाळी देऊ नका, काडेपेटी द्या. सकाळी लवकर पाणकणसाच्या देठांवर अळ्यांच्या रिकाम्या कातड्या चिकटलेल्या सापडतात. पाठ उकललेली असते, आतून पांढरे दोरे लोंबत असतात, ते श्वासनळ्यांचं अस्तर. पाण्यात न उतरता या हव्या तेवढ्या गोळा करा, कुणाचं काही जात नाही. शिवाय पुरावाही पक्का. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो, पण कात सांगते की तो याच पाण्यात वाढला.

जोडी बदामाच्या आकारात अडकून उडताना दिसली आणि मुलानं विचारलं, तर ‘लग्न’ म्हणून मोकळे व्हा. तुमच्यासाठी जरा पुढचं: काही जातींत नर आधीच्या नराचं बीज काढून टाकून मग आपलं ठेवतो. १९७९ साली अमेरिकेत टाचण्यांवर झालेल्या अभ्यासातून हे प्रथम कळलं. म्हणूनच अंडी घालून होईपर्यंत कित्येक नर मादीची मान सोडत नाहीत, नाहीतर डोक्यावर घिरट्या घालत पहारा देतात. ते प्रेम वगैरे नव्हे. अंडी घालायच्या तऱ्हाही दोन: टाचण्या देठाला चीर पाडून आत खोवतात, तर लाल, नारिंगी वगैरे चतुर पाण्यावर शेपटीनं टिचक्या मारतात. सोसायटीत कुणी काळी गाडी नुकतीच धुतली असेल तर तिच्या बॉनेटवरही अशा टिचक्या मारताना दिसतील. चकचकीत काळ्या पृष्ठभागावरून उजेड पाण्यावरच्यासारखा परततो आणि बिचारी फसते. सगळी अंडी वाया.

ऋतूंचं थोडक्यात. जुलैपासून वाढ, सप्टेंबर-ऑक्टोबर ऐन बहर, डिसेंबरात ओहोटी. उत्तरायणाला गच्चीवरून पतंग दिसतात, चतुर फारसे नाहीत. मार्चपासून कालवा आटतो, तरी जायचं सोडू नका. काही लेस्टिस टाचण्या कोरडा काळ पाण्यापासून दूर, सुक्या झुडपात काडी होऊन काढतात आणि पावसाची वाट बघतात.

ऐन बहरात, नवरात्राच्या सुमाराला, संध्याकाळी मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, बसायचं नावच नाही. पँटाला फ्लॅव्हेसेन्स. गरब्याला जाताना मुलाला वर बघायला सांगा. वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. मालदीव बेटांवर गोड्या पाण्याचं नाव नाही, तरी दर ऑक्टोबरात तिथे यांचे लाखोंचे थवे उतरतात. तिथे राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षं तारखा लिहून ठेवल्या आणि २००९मध्ये मांडलं की हे भारतातून निघून, मान्सूनच्या परतीच्या वाऱ्यांवर, समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात. परत येतात ती पुढची पिढी. पावसाच्या मागे मागे जाणं हेच यांचं घर, कारण यांच्या अळ्या पावसाच्या डबक्यांत महिना-दीड महिन्यात वाढून मोकळ्या होतात. अँडरसन यांच्याकडे भारी यंत्रं नव्हती. होती ती एकच जागा आणि तारखांची वही.

सामानाचं एका वाक्यात: दुर्बीण घेतलीत तर दीड-दोन मीटरवरचं स्पष्ट दाखवणारी घ्या, पक्ष्यांसाठीची बहुतेक जवळचं धूसर दाखवतात, नाहीतर फोन पुरे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलात तर ओळखायला मदत मिळते, पण यंत्रानं सुचवलेलं पहिलंच नाव डोळे मिटून घेऊ नका. आणि परतताना शेव-उसळ खायची तर हात धुवून खा, गाळाचा वास जात नाही.

आता तिसरा फोटो. पांढुरका, पंख सेलोफेनच्या कागदासारखे चमकणारे, डोळे धुरकट, अंगावर कसलाच धड रंग नाही. मुलाला सांगा, हा भूत नाही, आणि नवी जातही नाही. हा आज पहाटे जन्मलेला चतुर आहे. पंख अजून ओले आहेत, रंग चढायला काही दिवस जातील, तोवर जात मलाही सांगता यायची नाही. फोटो सकाळी सात वाजताचा आहे ना? मग तोच फोटो पुन्हा उघडा आणि खाली डाव्या कोपऱ्यात, त्याच देठावर चार बोटं खाली बघा. मातकट, पाठ उकललेली, दोन पांढरे दोरे बाहेर आलेली. ती त्याची कात. त्या क्षणी तुम्ही दोघं तिथे होतात.